छडी न उगारणारा साक्रामेंतोचा गुरुजी

महोदय,

शिक्षणविषयक लेखांत पेस्तालोझी, माँटेसरी या युरोपीय शिक्षणतज्ज्ञांची नावे नेहमी वाचायला मिळतात. ब्राझीलच्या युरिपेदेस बार्सानुल्फो (१८८०-१९१८) यांचा मात्र उल्लेखही नसतो, याचे वाईट वाटते. मिनास जेराइस राज्यातल्या साक्रामेंतो या छोट्या गावातले हे शिक्षक मूळचे कॅथलिक. पुढे ते पुनर्जन्म आणि आत्म्यांशी संवाद मानणाऱ्या स्पिरिटिस्ट पंथात गेले, आणि गावातली बरीच माणसे दुरावली. तरीही १९०७ मध्ये त्यांनी शाळा उघडली, तिला पंथाचे संस्थापक आलां कार्देक यांचे नाव दिले. कार्देकही हाडाचे शिक्षक, पेस्तालोझींच्याच शाळेत शिकलेले!

या शाळेत मुले-मुली एकत्र बसत. त्या काळच्या खेड्यात ही लहान गोष्ट नव्हती. मारझोड नाही, शिक्षा नाही. गुरुजी मुलांना घेऊन बाहेर पडत, झाडे-पाने दाखवत, आकाशातले तारे ओळखायला शिकवत. शिवाय गोरगरिबांना फुकट औषधे देत. त्यावरून १९१७ मध्ये बेकायदा वैद्यकीचा खटलाही झाला, पण औषधे देणे थांबले नाही.

१९१८ च्या इन्फ्लूएन्झाच्या साथीत रुग्णांची सेवा करतानाच १ नोव्हेंबरला ते गेले. वय अवघे ३८. त्यांचा पंथ आपल्याला पटो न पटो, त्यांची शाळा आपल्या डी.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांना माहीत हवी. आपण अशा शिक्षकांवर सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली