सर, लसावि मला येत होता

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, ते तुम्हाला फारसं रुचणार नाही. पण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "बरं, पोरं काय म्हणतायत?" असं विचारून विषय बदलता आणि माझं बोलणं राहून जातं. नाव घालायचं नाही ही तुमची अट मात्र पाळली आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवलेले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला आलेले एक सर, एवढीच तुमची ओळख इथे ठेवते.

गेल्या आठवड्यात कॉलेजची पहिली टर्म संपली. स्टॅटिस्टिक्समध्ये 'बी प्लस' मिळाला. रिमीडियल गणितात, म्हणजे पाया पक्का करून घेणाऱ्या वर्गात, न बसता मी थेट स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात बसले होते, ते कसं घडलं हे मला पहिल्यापासून सांगायचं आहे.

माझी दहावी २००४ ची, मराठी माध्यमाची. पुढे आर्ट्स घेतलं, कोल्हापूरला मराठी घेऊन बी.ए. झाले. गणिताशी संबंध संपला तो तेव्हाच. लग्नानंतर इथे आले. माझ्या एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, मला नोकरी करता येत नसली तरी शिकता येतं, हे मला पहिली तीन वर्षं कुणी सांगितलंच नाही. मग दोन्ही मुलं झाली. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा ठरवलं की नर्सिंग करायचं, आणि सुरुवात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजपासून करायची. फॉर्म भरला, तेव्हा कळलं की आधी प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागेल. माझ्या पदवीत गणिताचा एकही पेपर नव्हता, त्यामुळे सूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, "अगं, त्यात पास-नापास नसतं, तयारी कसली करतेस?" पास-नापास नसतं हे खरंच आहे. पण गुणांवरून तुम्ही कुठल्या वर्गात बसणार ते ठरतं. कमी आले तर रिमीडियल. त्या वर्गाची फी भरायची, सोळा आठवडे जायचं, अभ्यास करायचा आणि त्याचं क्रेडिट पदवीत धरलं जात नाही. कुणाकुणाला असे दोन-दोन वर्ग ओळीने करावे लागतात, आणि घर-पोरं सांभाळून शिकणारी बाई तिथेच थकून सोडून देते. हे मला परीक्षेनंतर कळलं. ऑक्टोबरात मी तशीच जाऊन बसले. २०० ते ३०० च्या मापात मला २३१ मिळाले. ॲडव्हायझर बाईंनी अगदी प्रेमाने समजावलं की घाबरू नका, दोन टर्म गणिताच्या करा, मग स्टॅटिस्टिक्स.

त्यानंतरच्या शनिवारी मी लायब्ररीत ॲक्युप्लेसरचे, म्हणजे त्याच प्लेसमेंट टेस्टचे, नमुना प्रश्न छापून घेऊन बसले होते. तुम्ही समोरच्या टेबलावर होतात, डोक्याला माकडटोपी, फोनवर मराठी पेपर. मी एकच ओळ चार वेळा खोडली, ते तुम्ही बघितलंत आणि विचारलंत, "कुठल्या गावच्या?" त्या दोन शब्दांनी मला रडू आलं होतं सर, ते तुम्हाला दिसलं असणार. तुम्ही मात्र कागद स्वतःकडे ओढून घेतलात.

प्रश्न होता 'लीस्ट कॉमन डिनॉमिनेटर' काढण्याचा. मी म्हटलं, "हे मला येत नाही." तुम्ही म्हणालात, "१२ आणि १८ चा लसावि सांग." मी सांगितलं, ३६. "मग येत नाही कसं म्हणतेस? छेदांचा लसावि काढायला सांगितलाय, बाकी काही नाही."

वीस वर्षांत लसावि हा शब्द मी उच्चारला नव्हता. तो तोंडातून आपोआप आला, आणि त्याच्यामागून मसावि, सहगुणक, घातांक, गुणोत्तर, त्रैराशिक असे सगळे शब्द येत गेले. त्याच दिवशी तुम्ही वहीच्या पानाचे उभे दोन भाग केलेत. डावीकडे मराठी, उजवीकडे इथला शब्द, तोही देवनागरीत. अंश म्हणजे न्यूमरेटर. चल म्हणजे व्हेरिएबल. चढ म्हणजे स्लोप. मध्यक म्हणजे मीडियन. इंग्रजी शब्द तुम्हालाही सगळे माहीत नव्हते. ते तुम्ही नातवाला विचारून आणायचात, आणि "हा आज मला नवीन समजला" असं सांगून लिहायचात. उभ्या आयुष्यात एवढ्या मोकळेपणाने "मला माहीत नाही" म्हणणारा शिक्षक मी पाहिला नव्हता.

तुमचा नेम होता की रोज दहाच गणितं करायची, आणि जे चुकेल त्याच्यापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: 'घाई', 'इंग्रजी' किंवा 'येत नाही'. पोरं झोपली की मी बसायची. दोन आठवड्यांनी तुम्ही चुका मोजायला लावल्यात. एकूण साठ. त्यात इंग्रजी सदतीस, घाई चौदा, आणि येत नाही फक्त नऊ. मी ते आकडे नवऱ्याला दाखवले, बहिणीला फोन करून सांगितले. मी गणितात कच्ची आहे असं वीस वर्षं मानत आले होते, आणि कच्चेपणा निघाला तो साठातल्या नऊ गणितांपुरता.

सदतीस चुका कसल्या होत्या तेही इथे लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी त्याच असतील. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' असं वाचलं की मी शब्दांच्या क्रमाने ५ वजा क्ष लिहायची. तुम्ही म्हणायचात, आधी मराठीत बोल: एका संख्येपेक्षा पाचने कमी. बोलल्यावर क्ष वजा ५ याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. 'ॲट लीस्ट' ऐकून मला 'कमी' वाटायचं, चिन्ह उलटं पडायचं. 'कमीत कमी दहा' म्हटलं की दहा आणि त्याच्या वर, हे आपोआप कळायचं. 'प्रॉडक्ट' म्हणजे दुकानातली वस्तू नाही, गुणाकार, हे तर मला वहीत तांबड्या शाईने लिहावं लागलं.

आणि खरोखर न येणाऱ्या नऊंपैकी बहुतेक अपूर्णांकांच्या भागाकाराची. भागल्यावर उत्तर मोठं कसं येतं, हे मला शाळेतही कधी पटलं नव्हतं. 'उलटा करा आणि गुणा', एवढं पाठ होतं. त्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. काकू उपम्याच्या तयारीत होत्या. त्यांच्याकडचे कडीत ओवलेले लाल प्लॅस्टिकचे मापाचे कप तुम्ही मागून घेतलेत, पाऊण कप रवा एका वाटीत काढलात आणि कॉफीचा चमचा माझ्या हातात दिलात. तो दोन टेबलस्पूनचा, म्हणजे कपाचा आठवा भाग. "भर आणि मोज." मी काठाशी बोट फिरवून चमचा सपाट करत करत ताटात ओतत गेले. सहा वेळा भरला आणि वाटी रिकामी झाली. "३/४ भागिले १/८ किती?" मी ताटातल्या सहा ढिगांकडे बघत राहिले. भागाकार म्हणजे 'यात ते किती वेळा मावतं', आणि चमचा जितका लहान तितक्या फेऱ्या जास्त. माझ्या मनातली इतक्या वर्षांची गाठ तिथे सुटली. काकूंनी तोच रवा उचलून कढईत टाकला.

मग पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे निघाले. तुम्ही ते लहानपणी म्हटलेले, मी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेले. "पावणेतीनात पाव किती?" तुम्ही विचारलंत, आणि मी विचार न करता सांगितलं, अकरा. इथल्या पुस्तकात मिश्र अपूर्णांकाचा अंशाधिक अपूर्णांक करायला अर्धं पान खर्ची घातलेलं आहे. ज्या भाषेत पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतःची नावं आहेत, तिच्यात वाढलेल्या माणसाकडे त्यातलं निम्मं आधीच असतं. हे मला इथे, परक्या देशात, तुमच्यामुळे कळलं.

ओक ट्री रोडवरच्या दुकानाची पावतीही मला आठवते. डाळ-तांदळावर कर नाही, कुकरवर आहे, न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के. पावतीवरची किंमत अंगठ्याने झाकून तुम्ही विचारलंत, कर २ डॉलर ६५ सेंट लागलाय, तर कुकर केवढ्याचा? त्रैराशिक मांडलं, चाळीस डॉलर आले. तुम्ही अंगठा काढलात.

क्रियांच्या क्रमाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते प्रत्येक मराठी माध्यमवाल्याने ऐकावं असं आहे. आपण 'कंचेभागुबेव' पाठ केलेलं. इथली मुलं 'प्लीज एक्स्क्यूज माय डिअर आंट सॅली' म्हणतात, पहिल्या अक्षरांवरून कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी. तुम्ही दोन गणितं घातलीत. १० − ४ + ३: कंचेभागुबेव शब्दशः धरून आधी बेरीज केली तर ३ येतं, खरं उत्तर ९. २४ ÷ ४ × २: सॅली मावशीचं शब्दशः ऐकून आधी गुणाकार केला तर ३, खरं उत्तर १२. बेरीज-वजाबाकी एका पायरीवर, गुणाकार-भागाकार एका पायरीवर, आणि एका पायरीवरचं डावीकडून उजवीकडे. शाळेत हे मला कधी कुणी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. आता विसरणार नाही.

परीक्षेत इंग्रजी निबंधही होता, त्याच्या बाबतीत तुम्ही सरळ हात वर केलेत. "हे माझं काम नाही, चल," म्हणालात आणि लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या स्वयंसेवक आजींपुढे मला घेऊन गेलात. तुमच्या मोडक्या इंग्रजीत तुम्हीच माझी शिफारस केलीत: "गुड स्टुडंट. नीड एसे." सर, स्वतःच्या मुलाच्या शेजाऱ्यांशीही इंग्रजीत बोलायला तुम्ही संकोचायचात, हे मला माहीत आहे. त्या आजींनी शिकवलं ते थोडक्यात असं: तीनशे ते सहाशे शब्द, आणि तुमचं मत पहिल्याच परिच्छेदात. मी निसर्गवर्णनाने सुरुवात करून शेवटी मुद्द्यावर येणारी. ती सवय मोडायला पाच निबंध लागले.

मार्चमध्ये पुन्हा परीक्षा दिली. ओळखपत्र दाखवलं, पिशवी-फोन कपाटात ठेवला, कोरा कागद मिळाला. कागदावर सगळ्यात वर मी 'डावीकडून उजवीकडे' असं लिहिलं. वेळेचं बंधन नाही, पण दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही, आणि आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा-अवघड ठरतो. दहा-बारा प्रश्नांनंतर एकदम अवघड यायला लागले. पूर्वी माझे हात गार पडले असते. तुमचं वाक्य आठवलं: "अवघड आला की समज, मागचे बरोबर आलेत." प्रत्येक प्रश्न ओठातल्या ओठात मराठीत बोलले. वीस प्रश्नांना मी सव्वा तास घेतला. २६८ आले. ॲडव्हायझर बाईंनी आकडा दोनदा बघितला आणि स्टॅटिस्टिक्सला नाव घातलं. तुम्हाला फोन केला तेव्हा भारतात जायची बॅग भरणं चाललं होतं. काकू मागून "पेढे! पेढे!" म्हणत होत्या, आणि तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नाहीत.

ज्या बायका हे वाचत असतील आणि अशाच परीक्षेला बसणार असतील, त्यांना एवढंच सांगते. आधी कॉलेजला विचारा की परीक्षा द्यावी लागते का. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्यानंतर बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत ती राहिलेली नाही. द्यावी लागत असेल तर ॲक्युप्लेसर काढणाऱ्या कॉलेज बोर्डाचे सरावाचे प्रश्न फुकट मिळतात, ते सोडवल्याशिवाय जाऊ नका. पहिल्यांदा कमी आले तर पुन्हा कधी देता येईल ते तिथेच विचारून घ्या. मी विचारलं नसतं तर आज रिमीडियलच्या दुसऱ्या वर्गात असते. आणि दहावीचं पुस्तक घरी असेल तर मागवून घ्या, मराठीतलंच.

सर, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. मी दिवाळीच्या करंज्या दिल्या तर काकूंनी डबा रिकामा परत केला नाही, त्यात लाडू घालून दिले. सहा महिन्यांतले पंधरा-सोळा शनिवार तुम्ही मला दिलेत. नातवंडांसोबत घालवायला आला होतात, त्यातले ते दिवस होते. याची फेड माझ्याकडे नाही आणि तुम्ही ती मागणारही नाही. तुम्हाला आणि काकूंना माझा मनापासून नमस्कार.

एक शंका मात्र आहे. नमुन्यावरून प्रमाण विचलन काढताना संख्येने न भागता संख्येतून एक वजा करून भागायचं, हे सूत्र मला पाठ आहे, परीक्षेत बरोबरही आलं. प्राध्यापकांनी कारण सांगितलं, वहीत लिहूनही घेतलं, पण रवा मोजल्यावर पटलं तसं अजून पटलेलं नाही. रविवारी तुमच्याकडे संध्याकाळ असेल तेव्हा फोन करते. वही घेऊन बसेन.

तुमची विद्यार्थिनी