पराभवाची मिरवणूक आणि आमचे मेहुणे

क्लीव्हलँड, ११ जानेवारी २०१८

महोदय,

आमच्या क्लीव्हलँड ब्राऊन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगामभर झालेला पराभव आणि त्यावर चाहत्यांनी काढलेली मिरवणूक यांची टर उडवणारी, आपल्या मंगळवारच्या अंकातली 'हरले म्हणून नाचले!' ही चौकट वाचली. म्हणजे वाचावी लागली. पुण्याहून आमच्या मेहुण्यांनी ती व्हॉट्सॲपवर पाठवली, खाली हसून हसून रडणारे पाच चेहरे. एक दिवस गप्प बसलो. सौ. म्हणाली, झोपा, सकाळपर्यंत राग उतरेल. उतरला नाही.

आधी छायाचित्र. त्यातले लोक रग्बी खेळताहेत. डोक्यावर हेल्मेट नाही, खांद्यावर पॅड नाहीत, एवढं तरी बघायचं होतं. आता, या हंगामात ब्राऊन्सचा एक 'घरचा' सामना लंडनला ट्विकेनहॅमवर झाला (मिनेसोटाकडून हरलो, ३३-१६) आणि ट्विकेनहॅम हे रग्बीचं मैदान आहे हे खरं. आपल्या छायाचित्र विभागाने इतका खोल विचार करून घोळ घातला असेल, तर मी शब्द मागे घेतो.

पुढे आपले लेखक विचारतात, पायच लागत नाही तर याला फुटबॉल का म्हणायचं? लागतो, साहेब. सामन्याच्या अगदी अखेरीला लागतो, तेव्हा अख्ख्या शहराचा श्वास अडकतो. हे मी ऐकीव सांगतोय आणि तेच माझं दुखणं आहे. त्याकडे येतोच.

शनिवारी ती मिरवणूक निघाली त्यात मी होतो. नाचलो नाही. शून्याच्या बऱ्याच खाली पारा असताना वयाच्या पासष्टीत कोण नाचतं? तीनेक हजार माणसं स्टेडियमभोवती गोल फिरली. गोल का, तर वरून बघणाऱ्याला शून्य दिसावं म्हणून. सोळा सामने, सोळा पराभव. लीगच्या इतिहासात हे याआधी एकदाच घडलं होतं, २००८ मध्ये डेट्रॉइटच्या लायन्सना. लोकांनी डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या होत्या, पाट्यांवर मालकांचा उद्धार होता आणि गोळा झालेले पैसे भुकेल्यांसाठीच्या फूड बँकेला गेले. याला आपण 'पराभवाचा जल्लोष' म्हणता. आपल्याकडे २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशाने हरवल्यावर रांचीत धोनीच्या अर्धवट बांधलेल्या घराची मोडतोड झाली होती. इथे लोकांनी दगड उचलला नाही, शून्य काढलं. यात हसण्यासारखं आहे, पण ते हसायचा हक्क त्या थंडीत चाललेल्यांचा. संघातल्याही काहींना ही मिरवणूक झोंबली म्हणतात. झोंबू दे की.

ही मिरवणूक खरं तर एक वर्ष आधीच निघायची होती. २०१६ मध्येही पहिले चौदा सामने झाले, चौदाही हरलो. तयारी झाली होती. पण २४ डिसेंबरला सॅन डिएगोच्या चार्जर्सना २०-१७ ने हरवलं आणि मिरवणूक रद्द झाली. दोन वर्षांत, बत्तीस सामन्यांत, हा एकमेव विजय.

त्या दिवसाची दोन तिकिटं माझ्याकडे होती.

१९९९ मध्ये संघ शहरात परत आला तेव्हापासून माझी त्याच रांगेत दोन खुर्च्यांची हंगामी तिकिटं आहेत. (परत आला म्हणजे काय, ते १९९५ च्या हंगामानंतर तेव्हाचे मालक आर्ट मोडेल यांनी अख्खा संघ उचलून बाल्टिमोरला नेला हे ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको.) त्या दिवशी मेहुणे पहिल्यांदाच अमेरिकेत येत होते. सौ.चे धाकटे बंधू, त्यांना टॅक्सीने कसं यायला सांगणार? तिकिटं शेजारच्या मुलाला दिली, तो वडिलांना घेऊन गेला. मी विमानतळाबाहेर गाडीत बसून रेडिओ लावला. विमान दोन तास उशिरा. म्हणजे अर्धा सामना तर मी बघूच शकलो असतो, पण ते असो.

चौथ्या क्वार्टरमध्ये आमच्या जेमी मीडरने त्यांचा एक फील्ड गोल (चेंडू पायाने खांबांमधून मारून मिळवायचे तीन गुण) हात घालून अडवला, तेव्हा मी गाडीत एकटाच ओरडलो. तेवढ्यात मेहुणे आले. सामान टाकलं, पट्टा लावला. रेडिओवर जिम डोनोव्हन यांचा आवाज चढलेला, काही सेकंद उरलेले, चार्जर्सचा किकर पंचेचाळीस यार्डांवरून बरोबरी साधायला उभा. आणि मेहुणे म्हणाले, "भावोजी, हे जरा बंद करता का? विमानात झोप नाही, डोकं ठणकतंय."

पाहुणा माणूस. केला बंद.

तो चेंडू बाहेर गेला हे मला वीस मिनिटांनी पेट्रोल भरताना कळलं. गल्ल्यावरचा पोरगा अनोळखी लोकांना मिठ्या मारत होता. एक मलाही मारली. मेहुणे गाडीत झोपले होते. आणि आज तेच गृहस्थ मला लिहितात, "भावोजी, तुमचा संघ म्हणजे धन्यच!"

आपल्या चौकटीत 'खेळाडू नालायक' असंही एक वाक्य आहे. क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, रक्षण करणारा डावा टॅकल जो थॉमस २००७ पासून सलग १०,३६३ स्नॅप (म्हणजे खेळी) खेळला, एकही चुकवला नाही, इतक्या वर्षांत बाद फेरीचा एक सामना त्याच्या नशिबी नाही आणि या ऑक्टोबरात दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच बाहेर बसला. हा नालायक? आमचा क्वार्टरबॅक डिशोन कायझर एकवीस वर्षांचं पोर. बावीस इंटरसेप्शन दिली, म्हणजे फेकलेले बावीस चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, मान्य. पण ज्यांनी त्याला या खाईत ढकललं त्यांच्याबद्दल आपल्याकडे अक्षर नाही. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकाची निवड आम्ही फिलाडेल्फियाला देऊन टाकली, त्यांनी कार्सन वेंट्झ घेतला. बेसबॉलमधून आणलेले आमचे व्यूहरचनाकार तेव्हा म्हणाले होते, हा पहिल्या वीसातला क्वार्टरबॅक होईल असं वाटत नाही. या हंगामात गुडघा जाईपर्यंत त्याचे थेट गुण मिळवून देणारे तेहतीस टचडाउन पास झाले होते. पुढच्या वर्षी बाराव्या क्रमांकाची निवड ह्यूस्टनला दिली, त्यांनी डेशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक घेतला. आज हरा, उद्याचे पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, साठवा, हे यांचं धोरण. पिकं साठली, पीक काही येईना.

आणि तरी पोरं खेळली हो. १० डिसेंबरला ग्रीन बेविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये २१-७ ने पुढे होतो. शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाईंनी मला चिमटा काढून बघायला सांगितलं. ओव्हरटाइममध्ये २७-२१ ने हरलो. शेवटचा सामना पिट्सबर्गला, त्यांचे बडे खेळाडू आराम करताहेत, आम्ही चार गुणांनी मागे, दोन मिनिटं बाकी, कोरी कोलमनच्या हातात अलगद आलेला चेंडू निसटला. २८-२४. टीव्हीसमोर सौ. म्हणाली, "चहा ठेवू?" एकतीस वर्षांच्या संसारात तिला नेमकं केव्हा काय विचारायचं ते कळतं. तिच्या भावाला नाही.

प्रशिक्षक ह्यू जॅक्सन, दोन वर्षांत एक विजय आणि एकतीस पराभव, यांना मालकांनी पुढच्या वर्षीही ठेवलं आहे. गेल्या हंगामानंतर त्यांनी शब्द दिला होता की पुन्हा असं झालं तर ईरी सरोवरात उडी मारीन. सरोवर सध्या गोठलंय, म्हणून थांबलेत. उन्हाळ्यात मी टॉवेल घेऊन जाणार आहे. आपल्या चौकटकारांना यायचं असेल तर अवश्य यावं, विमानतळावर घ्यायला मात्र कुणी येणार नाही.

जाता जाता: ई-पेपरवर रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर गेले तीन आठवडे दिसत नाही. 'आडवे ७' अजून अडलेलं आहे. त्या जागी आपण चौकटी छापता.

आपला,
एक जुना वाचक
स्ट्राँग्सव्हिल, ओहायो

(कृपया नाव छापू नये. मेहुणे आपलं दैनिक रोज वाचतात आणि मे महिन्यात पुन्हा येणार आहेत.)