'न्यूजट्रॅक'च्या कॅसेटी माळ्यावरून खाली काढा

महोदय,

खासगी टीव्ही-बातम्यांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९९५ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर लागलेल्या 'आज तक'पासून सुरुवात करतात. त्याआधीची सात वर्षे गळून जातात. खरी धाडसाची वर्षे तीच होती.

१९८८ साली मधु त्रेहान यांनी 'इंडिया टुडे' समूहातर्फे 'न्यूजट्रॅक' हे व्हिडिओ वृत्तमासिक सुरू केले. प्रसारणाची मक्तेदारी सरकारकडे होती, पण कॅसेट म्हणजे प्रसारण नव्हे. म्हणून दर महिन्याचा अंक व्हीएचएस कॅसेटवर निघायचा आणि व्हिडिओ लायब्ररीतून सिनेमासारखा भाड्याने मिळायचा. त्याच वर्षी दूरदर्शनवर प्रणय रॉय यांचे 'द वर्ल्ड धिस वीक' सुरू झाले. त्याचा भर मात्र जगाच्या बातम्यांवर होता. देशातले पाहायचे तर कॅसेट आणावी लागे. मंडलविरोधी आंदोलनातली आत्मदहने, काश्मीर, अयोध्या हे सारे लोकांनी त्यात पाहिले.

दूरदर्शनची वाट टळली, तरी सेन्सॉर बोर्डाची टळली नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यामुळे बातमीच्या कॅसेटलाही प्रमाणपत्र लागे. सिनेमा महिनाभर अडकला तरी सिनेमाच राहतो, बातमी शिळी होते. तरीही या माध्यमाची ताकद कमी नव्हती. पत्रकार विनीत नारायण यांच्या 'कालचक्र' या अशाच व्हिडिओ मासिकाने जैन हवाला प्रकरण (हवालामार्फत राजकारण्यांना पैसे दिल्याच्या आरोपांचे) लावून धरले, त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९७ च्या निकालाने सीबीआय संचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. तोवर केबल-उपग्रह वाहिन्या घरोघरी पोचल्या होत्या आणि महिन्याने येणाऱ्या कॅसेटचा जमाना संपला होता.

हे अंक आज कुणाच्या माळ्यावर असतील, तर ते हातात घेताना थोडी काळजी हवी. आधी कॅसेटवरच्या पारदर्शक खिडकीतून टेपची कड पाहा. पांढरी भुकटी किंवा जाळे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते आणि चिकटलेली टेप तुटते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. मग कॅसेटच्या पाठची छोटी प्लास्टिकची टॅब पाहा; ती तोडली की कॅसेटवर नवे रेकॉर्डिंग होत नाही. ती तोडलेली असेल तर मजकूर बहुधा शाबूत आहे. त्या खाचेवर चिकटपट्टी दिसली तर वर एखादा सिनेमा टेप झाला असण्याची शंका घ्यावी.

टेप स्वच्छ असेल तर ती एक दिवस खोलीत राहू द्या, मग एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन सलग मागे गुंडाळा. वर्षानुवर्षे आडव्या पडलेल्या टेपचे वेढे सैल होतात आणि तसेच वाजवले तर कडा दुमडतात. संगणकावर नक्कल करताना मधे टाइम बेस करेक्टर (चित्राचा सिग्नल स्थिर करणारे उपकरण) हवाच, नाहीतर चित्राच्या उभ्या रेषा थरथरतात आणि फ्रेम गळतात. ७२० बाय ५७६ पिक्सेल, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचे मूळ टीव्ही-चित्र), सेकंदाला २५ फ्रेम, असेच साठवा. फाइल न दाबता (अनकंप्रेस्ड) ठेवली तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. लॉसलेस कोडेक (दर्जा न घटवता फाइल दाबणारी पद्धत) वापरला तर बरीच जागा वाचते. मोबाइलपुरती छोटी फाइल त्यावरून नंतर करता येते, उलटे होत नाही. मूळ कॅसेट उभी, कोरड्या जागी, लोहचुंबकापासून दूर ठेवा. फेकू नका.

पत्रकारिता शिकवणाऱ्या विभागांनी हे अंक मागून घ्यावेत आणि त्यांची महिनावार यादी करावी. नक्कल करणाऱ्यांना एक विनंती: सुरुवातीचे सेन्सॉर प्रमाणपत्र कंटाळवाणे वाटले तरी कापू नका. त्यावरची तारीख आणि लेबलवरचा महिना शेजारी ठेवला, की कोणता अंक किती दिवस अडकला होता याचा अंदाज बांधता येतो.

– एक वाचक