रूट कॅनलनंतरची पहिली गोळी

मा. संपादक, स. न. वि. वि.

खानापूर, नंदगड, जांबोटी भागातून बेळगावला दातांच्या उपचारासाठी येणारे रुग्ण रूट कॅनल झाल्यावर भूल उतरण्याआधीच परतीच्या बसमध्ये बसतात आणि खरी कळ उठते ती रात्री, गावातले औषध दुकान बंद झाल्यावर. सकाळी दुकान उघडताच होणारी मागणी मला औषधविक्रीच्या व्यवसायामुळे पाठ झाली आहे : ‘दात ठणकतोय, अँटिबायोटिक द्या.’ वास्तविक दाताची नस काढल्यानंतरही दुखते ते मुळाच्या टोकाभोवती आलेल्या सुजेमुळे, आणि त्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्येच धडधाकट प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, असे सुचवले आहे.

सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स शरीरात तयार होण्यालाच आयबुप्रोफेनसारखी सूजरोधक औषधे अटकाव करतात. त्यामुळे कळ असह्य होईपर्यंत दात-ओठ खाऊन थांबण्यापेक्षा, डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिली गोळी भूल उतरण्यापूर्वी आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ठरलेल्या वेळी, काहीतरी खाऊन घेणे अधिक गुणकारी ठरते. जोडीला पॅरासिटामॉल असल्यास आराम वाढतो. मात्र आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम एकाच गोळीत सर्रास मिळत असल्याने, कणकण वाटते म्हणून त्यावर आणखी पॅरासिटामॉल घेणाऱ्यांनी दिवसाची बेरीज तपासावी. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गर्भारपण असेल, तर सूजरोधक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. घरातल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आणलेली डायक्लोफिनॅक ही सूजरोधक गोळी दातासाठी काढून घेणे हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. (निपाणी भागात दुखऱ्या दातावर मिश्री दाबणारेही आहेत, त्यांच्याबद्दल काय लिहावे!)

दंतवैद्यांना विनंती अशी की, रुग्णाला खुर्चीवरून उठवण्यापूर्वी त्याच्या इतर आजारांची व औषधांची चौकशी करून पहिल्या गोळीची वेळ कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील छापील चिठ्ठीवर लिहून द्यावी. दोन-तीन दिवसांनंतरही ठणका वाढतच असेल, गाल सुजला, ताप आला किंवा गिळणे अवघड झाले, तर गोळ्या वाढवत न बसता तातडीने दवाखाना गाठावा, हेही त्याच चिठ्ठीत असावे.

– एक औषधविक्रेता, खानापूर