फू हाओला वगळून प्राचीन चीनची स्त्री कशी समजणार?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील प्राचीन चीनवरचा लेख वाचला. तिथली स्त्री पहिल्यापासून उंबऱ्याआतच होती, हा त्यातला सूर मला पटला नाही. लेख छिन सम्राटापासून, म्हणजे इ.स.पूर्व 221 मध्ये चीन एकत्र करणाऱ्या पहिल्या सम्राटापासून, सुरू होतो. त्याच्या हजार वर्षे आधी शांग घराण्याचा राजा वू डिंग राज्य करत होता आणि त्याची राणी फू हाओ सैन्य घेऊन लढाईवर जात होती.

हे दंतकथेच्या आधारे म्हणत नाही. शांग राजे पाऊस, पीक, युद्ध, अगदी दातदुखीबद्दलही पूर्वजांना कौल लावत. बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचाला मागून खळगे कोरायचे, तिथे चटका द्यायचा आणि पुढे उमटलेल्या तड्यांवरून शकुन सांगायचा. मग प्रश्न त्याच हाडावर कोरत. अशाच एका कौलात फू हाओबरोबर 13,000 सैनिक पाठवण्याचा उल्लेख आहे. यज्ञविधी करण्याचे कामही तिच्याकडे असे.

1976 साली चीनमधील आन्यांग शहराजवळ, शांगांच्या जुन्या राजधानीच्या जागी, तिची कबर सापडली. उत्खनन झंग झेनशियांग या महिला पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली झाले. राजांच्या मोठ्या कबरी चोरांनी केव्हाच उपसल्या होत्या. ही मात्र शाबूत राहिली. आत 460हून अधिक कांस्यवस्तू, जेड या मौल्यवान दगडाच्या 750हून अधिक वस्तू आणि सुमारे 6,900 कवड्या होत्या. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते तिचे नाव कोरलेले कांस्य परशू, कारण परशू हे त्या काळी सेनापतीच्या अधिकाराचे चिन्ह होते.

म्हणून तो काळ स्त्रियांसाठी सुखाचा होता, असे मुळीच नाही. याच फू हाओच्या बाळंतपणाचा कौल उपलब्ध आहे. राजाने शुभ दिवस सांगितले होते. 31 दिवसांनी ती बाळंत झाली आणि हाडावर नोंद झाली, शुभ नाही, मुलगी झाली. सेनापती राणीच्या पोटी आलेली मुलगीसुद्धा अशुभ! शिवाय तिच्याबरोबर 16 माणसांना बळी देऊन पुरले होते. त्यांची नावे कुठेच नाहीत.

फू हाओचा अधिकार, तिच्या मुलीबद्दलची ती नोंद आणि ते 16 बळी, हे सारे एकाच दरबारातले आहे. पुरवणीत शांग काळावर स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यासोबत त्या बाळंतपणाच्या कौलाचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा