हार्नेस राहू दे, आधी बल्ब लाव

ओतूर
२२ ऑगस्ट

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू इतका वैतागला होतास की मी काही सांगितलं असतं तरी डोक्यात शिरलं नसतं, म्हणून लिहितोय. शिवाय हात काळे झालेले असताना मोबाईल चाळत बसण्यापेक्षा कागद बरा. टपावर दगडाखाली ठेवायचा आणि वाचत वाचत काम करायचं.

पहिली गोष्ट. त्या वायरमनला नवा हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा अख्खा जुडगा, मागवायला सांगू नकोस. पैसे दिले असशील तर परत घे, भांडण झालं तरी चालेल. अरे, रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी चावी फिरवल्यावर मुकी. समोर एक दिवा नाही, हॉर्न नाही, केबिनमधला लाईट नाही. हार्नेसमधल्या ढीगभर वायरी एकाच रात्री ठरवून तुटल्या का? उंदराने कुरतडलं तर एखादा इंडिकेटर जातो, एका बाजूचा हेडलाईट जातो, फार तर एखादा फ्यूज उडतो. सगळंच एकदम गेलं, तर सगळ्यांना वीज जिथून मिळते किंवा जिथून परत जाते, तिथेच घोटाळा असणार. आणि अशा जागा गाडीत मोजक्याच असतात: बॅटरी, तिच्या दोन टोकांवरचे क्लॅम्प, अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या, जाड केबली आणि मेन फ्यूज. त्यापुढे चावीचा स्विच. पण केबिनचा लाईट आणि पार्किंगचे चारी इंडिकेटर बहुतेक गाड्यांत चावीशिवायही लागतात. तुझे तेही लागत नाहीत, म्हणजे स्विचला तूर्त माफ कर.

तू म्हणालास, "मीटर लावला, बॅटरी साडेबारा दाखवते, मग बॅटरीला काय धाड भरलीय?" इथेच सगळे फसतात. तो वायरमनही इथेच फसला असणार, नाहीतर त्याला फसायचंच नसेल. गोठ्यात उभा असलेला बैल कुणालाही धडधाकटच दिसतो, औताला जुंपल्यावर कळतं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण एक कोटी ओहम असतो. तो बॅटरीकडून अँपिअरचा दहा लाखावा भाग मागतो. एवढा करंट गंजलेल्या, सुटत आलेल्या, एका तारेवर लोंबकळणाऱ्या जोडातूनही सहज जातो आणि मीटर बिचारा खरंखरं साडेबारा दाखवतो. हेडलाईटला मात्र एका बल्बमागे चार-पाच अँपिअर लागतात, सेल्फला, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरला, तर डिझेल गाडीत दोनशेच्या आसपास. त्या वाटेत अर्ध्या दशांशाएवढा, म्हणजे ०.०५ ओहमचा जरी अडथळा असला, तरी दोनशे अँपिअरला दहा व्होल्ट तिथेच खलास. करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्ट, हा ओहमचा नियम तू फिटरच्या वर्गात शिकला नसशील, आमच्या इलेक्ट्रिशियनच्या सरांनी तो छडीने शिकवला होता.

माझ्या गाडीचं सांगतो, म्हणजे हे पुस्तकी वाटायचं नाही. गेल्या श्रावणात टोमॅटोचे कॅरेट भरून कल्याण मार्केटला निघालो होतो, भाचा बरोबर. खुबी फाटा मागे टाकला आणि माळशेजच्या उतारावर, धुक्यात, पाऊस कोसळत असताना सगळं गेलं. हेडलाईट, वायपर, समोरचे काटे, एकदम. गाडी कॉमन रेलची, म्हणजे इंजिनला डिझेलही विजेवरचं कंट्रोल युनिटच सोडतं; त्याला वीज नाही म्हटल्यावर इंजिनही बंद. भाचा ओरडला, "मामा, क्लच दाब!" मी दाबला नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तशीच राहू दिली. चाकं इंजिन फिरवत राहिली, इंजिनबरोबर ब्रेकचा व्हॅक्युम पंप आणि स्टेअरिंगचा पंपही फिरत राहिला. क्लच दाबला असता तर ब्रेकला साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन दाब मिळाले असते आणि मग ब्रेकचं पेडल दगडासारखं. भाच्याने मोबाईलचा टॉर्च काचेला लावला, त्या उजेडात डोंगराच्या अंगाला जागा दिसली तिथे घेतली. पार्किंग लाईटही नाहीत, म्हणून मागे लांबवर दगड आणि झाडाची फांदी ठेवली. (निघताना ते दगड उचलायचे, बरं का. लोक आपलं काम झालं की तसेच टाकून जातात आणि पहाटे दुसऱ्याचा जीव जातो. याचा मला फार राग आहे.)

बॉनेट उघडलं तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. तिथेच अर्धं काम झालं. धन टोकावर मेन फ्यूजची पेटी बसवलेली असते ना, बोल्टने आवळलेल्या फ्यूजची? तिच्यातला गाडीच्या वायरिंगकडे जाणारा नट मी बोटाने फिरवला आणि तो फिरला! पान्हा लागलाच नाही. नटाखाली गाडीची मूळ लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि तिच्यावर आणखी एक पातळ लग, जास्तीच्या एलईडी दिव्यांची. उन्हाळ्यात एका अॅक्सेसरीवाल्याने ते बसवून दिले होते. स्प्रिंग वॉशर त्याने काढला तो परत घातलाच नाही, आणि नट जेमतेम दोन आट्यांवर अडकलेला. दोन्ही लगा काळ्या पडलेल्या, त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन आत खचलेलं. फ्यूज मात्र शाबूत.

आता हिशोब कर. रात्रीचे हेडलाईट, वायपर, पंखा, कंट्रोल युनिट आणि वरून ते एलईडी धरले तर तीसेक अँपिअर सहज. सैल जोडात एक दशांश ओहम रोध आला की ३० गुणिले ३० गुणिले ०.१, म्हणजे ९० वॅट उष्णता. आयटीआयमध्ये आपल्याकडे २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न होती, तिच्या साडेतीनपटीहून जास्त, तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत. धातू तापला की काळा पडतो, काळा पडला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. महिनोन् महिने हे चालू असणार, आणि आपल्याला वाटतं गाडी अचानक बंद पडली.

आधी ऋण टोक सोडवलं, मग एलईडीची लग काढून फेकली, दोन्ही बाजू चाकूने खरवडून तांबं लाल दिसेपर्यंत साफ केलं, दहाच्या पान्ह्याने घट्ट आवळलं. ऋण जोडलं आणि केबिनमधला लाईट लागला. पंखा बंद ठेवून कल्याण गाठलं. भाव पडायच्या आत माल उतरला, तेवढंच समाधान. पेटी नंतर बदलली.

पण तुझं दुखणं हेच असेल असं मला वाटत नाही. तू बोलता बोलता एक गोष्ट सांगितलीस आणि तुझ्या वायरमनने ती कानाआड केली: टर्मिनल हलवल्यावर एकदा समोरचे दिवे लागले आणि सेल्फ मारताच पुन्हा सगळं गुल. बाळू, निम्मं निदान तूच केलंयस. हलकी मागणी चालते आणि जड मागणी आली की मान टाकते, हे सैल किंवा गंजलेल्या जोडाचं लक्षण. माझा पहिला संशय क्लॅम्पवर, दुसरा अर्थच्या केबलवर. तू युरिया आणि मिश्र खतं ओढतोस, पावसात हौद्यातून ते पाणी खाली झिरपतं. खताचं पाणी तांब्याला खातं. केबलवर वरून रबर ठीक दिसतं आणि आत लगजवळ हिरवी भुकटी झालेली असते. दाबून बघ, मऊ लागली किंवा कुरकुरली तर ती गेलीच.

आता काय करायचं ते. जुना हेडलाईटचा तीन पायांचा बल्ब शोध, ज्याची एक तार गेली आणि दुसरी शाबूत आहे असा. गॅरेजच्या कचऱ्यात पडलेले असतात. त्याला हात-दीड हाताच्या दोन जाड वायरी जोड. हा तुझा टेस्ट लॅम्प. त्याला पाचेक अँपिअर लागतात, तो खोटं बोलत नाही.

हातातलं ते तांब्याचं कडं आधी काढ. बॅटरीचं धन आणि बॉडी यांच्यात कडं आलं तर मनगटावर डाग पडेल, आणि वहिनी मला बोलतील.

बल्ब आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर लाव, क्लॅम्पवर नाही. तिथेच मिणमिणला आणि मीटर धाडकन खाली आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा आतला सेलचा जोड तुटलाय. असंही होतं, नुसती ठेवली की पूर्ण व्होल्ट दाखवते आणि बल्ब लावला की शून्य. मग खुशाल नवीन घे. लख्ख लागला तर बल्बची टोकं क्लॅम्पवर ने. खुंटीवर लख्ख आणि क्लॅम्पवर मंद म्हणजे मधे पांढरा थर बसलाय. क्लॅम्पवरही लख्ख असेल तर एक टोक धन खुंटीवर ठेवून दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला लाव. रंगावर लावू नकोस, नाहीतर रंगाला अर्थ समजून दिवसभर फिरशील. इथे मंद झाला तर अर्थ गेला. खात्रीसाठी जंप केबलचं एक टोक ऋण खुंटीला आणि दुसरं बॉडीला लाव. दिवे लागले की चोर सापडला. तसंच इंजिनच्या धडालाही करून बघ, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि त्याची अर्थची पट्टी वेगळी असते. ती तुटली की सेल्फचा करंट क्लचच्या नाहीतर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. तुझी एखादी केबल विनाकारण तापायची का, आठवून बघ.

हे सगळं बरोबर निघालं तरच मेन फ्यूजकडे जा. बल्बचं एक टोक ऋणावर, दुसरं फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे. नुसतं डोळ्यांनी बघून फ्यूज चांगला ठरवू नकोस, केसाएवढी चीर दिसत नाही. आणि उडालेला असला तर त्याच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची नाही. तुझ्या मोठ्या भावाची सवय मला माहीत आहे.

क्लॅम्प काढताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून धू, पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नकोस. खुंटी पॉलिश पेपरने चकचकीत कर, आवळ, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. गाडी चालू झाली की मीटरवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. डायनामो बॅटरी चार्ज करतो का ते बघायला चालू गाडीत टर्मिनल काढायची जुन्या ड्रायव्हरांची खोड आहे, ती कुणाला करू देऊ नकोस. त्या झटक्याने व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट जळालं तर हार्नेस परवडला म्हणशील.

रविवारी सकाळी हे कर. आणि मला "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच सांगू नकोस. खुंटीवर किती, क्लॅम्पवर किती, बॉडीवर किती, बल्ब लावलेला असतानाचे तिन्ही आकडे सांग. त्यावरून पुढचं बोलू. हे सगळं करूनही अडलं तर पुढच्या आठवड्यात सोलापूरला चुलत्यांकडे यायचंच आहे, वाट वाकडी करून बार्शीला येतो.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं, ते तू सांगितलंच नाहीस. टोमॅटोचं विचारू नकोस, या वेळी तोडणीचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

तुझा,
सुरेश

ता. क. तो वायरमन जुना हार्नेस काढायला लागला असेल तर त्याला तिथेच थांबव. काढलेला हार्नेस पुन्हा बसवायचे पैसे तो वेगळे मागेल.