प्रयोगशाळा तर दारातच

महोदय,
माझ्या पुतणीला शाश्वत ऊर्जेत एम.टेक. करायचे आहे. त्यासाठीच्या गेट या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे, नजर आयआयटी मुंबईच्या ऊर्जा विभागावर. जावे तिने खुशाल! पण सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प, साखर कारखान्यांतली उसाच्या चिपाडावरची सहवीजनिर्मिती आणि चाळिशी ओलांडणारे आपले ऊन (घाम गाळतोच आहोत, निदान वीज तरी मिळवू) हे सगळे इथेच आहे. सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी असा अभ्यासक्रम मनावर घ्यावा. सूत रंगवणाऱ्या डाईंगचे बॉयलर, यंत्रमागांची वीजबिले तपासायला एनर्जी ऑडिटर लागतात. सोलर पॅनेल बसवणारे पुष्कळ भेटतात. भांडवली खर्च, वीजदर, कर्जफेड यांचा हिशेब मांडणारा इंजिनिअर मात्र शोधावा लागतो. त्यासाठी व्यवस्थापनाचे विषयही हवेत.

– एक वाचक, जुळे सोलापूर